पांढरं पाणी झालेली विहीर

तेनमोळी अक्कांचं नाव आधी लिहून ठेवतो. पुढं मला राग येणार आहे, आणि रागाच्या भरात माणूस उपकार विसरतो. अक्का तिरुपूरजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, उंचीनं माझ्या खांद्याला लागतात. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला त्यांनी पाण्याची बाटली उजेडात धरून बघायला शिकवलं. आज मी हे लिहायला बसलोय ते त्यांच्यामुळं. बाकीचं सगळं तुमच्यामुळं.

तुमच्यामुळं म्हणजे डिंभ्याच्या धरणावरच्या आपल्या वीस-बावीस घरांच्या वाडीमुळं. माझ्यासारखे जे बाहेर पडले, भोसरीला, चाकणला, कुठं कुठं, त्यांनीही वाचावं. तुम्ही कामासाठी गेलात. मला घालवलं.

मी वाडी सोडली ती बोरच्या गाडीवर बसून. पंचायतीनं आणलेली तमिळनाडूची गाडी होती, एका ट्रकवर मशीन आणि दुसऱ्यावर लोखंडी पाइप. देवळामागं पहिलं भोक घेतलं त्यातून नुसता धुरळा उडाला, सगळी वाडी पिठात लोळल्यासारखी झाली. दुसऱ्या भोकाला मनगटाएवढी धार लागली आणि तेवढ्यावर त्यांनी पाइप आवळले. मी पाइपांच्या ट्रकवर चढलो तेव्हा दिवस चांगला वर आलेला होता, म्हणजे सगळे बघत होते. कुणी हाक मारली नाही. किसनतात्या तेव्हा पंचायतीत होते आणि वाडी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. ते आबांना, माझ्या वडलांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरं झालं. जाताना बाटली बी घिऊन जा म्हनावं."

सगळे हसले. आबाही हसले. कसनुसं हसले असतील, हे आता कळतं. तेव्हा मला फक्त त्यांचे दात दिसले.

आई दारात आली नाही. ती दवाखान्यातून येऊन चारच दिवस झाले होते. आदल्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "परमुलखाला चाललास, पाणी बघून पी."

आता बाटलीचं सांगतो. तुम्ही ते इतक्यांदा सांगितलंत की मला सांगायची पाळीच आली नाही.

मी कळंबला एका बागायतदाराकडं फवारणीला होतो. टोमॅटो, काकडी, जे असेल ते. सुट्टीला घरी आलो तेव्हा आबा म्हणाले, घेवड्यावर मावा पडलाय. मालकाचा पाठीवरचा पंप आणि अर्धी बाटली औषध मी मागून आणलेलं होतं. फवारणी झाली. पंप धुवायला विहिरीवर गेलो, कारण मालकाकडं आम्ही विहिरीच्या मोटारीवरच धुवायचो. बाटली काठावर ठेवली, टोपण सैल. पंप पुन्हा पाठीला लावताना पट्टा बाटलीला लागला आणि ती आत गेली. वाकून बघितलं तर पाण्यात दूध ओतल्यासारखं पांढरं पसरत होतं. शेतीवाल्यांना ठाऊक आहे, ही औषधं पाण्यात पडली की दुधासारखी होतात.

आणि मी ओरडलो. हे लिहून ठेवतो, कारण हे तुमच्यातला एकजणही बोलत नाही. भरउन्हात, विहिरीवर कुणी नसताना, मी गप घरी जाऊ शकलो असतो. मी वाडीभर ओरडत पळालो की पाणी भरू नका. संध्याकाळच्या हंड्यांना जे वाचले ते माझ्या ओरडण्यामुळं वाचले. पुढं सहा वर्षं तुम्ही मला विहिरीत विष टाकणारा म्हणालात. ओरडणारा कुणी म्हटलं नाही.

तोडगा किसनतात्यांनी काढला. आपल्याकडं पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की हंड्यात तुरटीचा खडा फिरवतात. तसंच करायचं ठरलं. घराघरातून खडे गोळा केले, फडक्यात बांधले, दोराला लावून विहिरीत सोडले आणि दोन दिवस ढवळले. तिसऱ्या दिवशी पाणी नितळ झालं. तळाचा दगड दिसत होता. तात्यांनी मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "झालं न्हवं? उगं बोंबललं येडं."

तरी पहिला घोट घ्यायला कुणी पुढं होईना. तेव्हा आई पुढं झाली. "माज्या पोराचं हाय, पयलं मी पिते," म्हणाली आणि तांब्याभर प्यायली. अर्ध्या तासात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या. जीपमधून मंचरला नेईपर्यंत मी तिचा हात धरून होतो. ती वाचली. आठ दिवस लागले. वाडीनं विहिरीवर काटे टाकले, बोरची गाडी मागवली आणि आबा धरणातून धरून आणायचे ते मासे घ्यायचं बंद केलं. तुरटी कुणाच्या डोक्यातून आली होती, हे कुणी विचारलं नाही.

बोरच्या गाडीवर मी दोन हंगाम काढले. ड्रायव्हर सेल्वम भला माणूस होता. भात आणि सांबार ट्रकच्या सावलीत शिजायचं आणि पहिली ताटली तो मला द्यायचा. पण ते काम माझ्या छातीला झेपेना, धुरळ्यानं खोकला लागला. सेल्वमनं त्याच्या मेव्हण्याला सांगून मला तिरुपूरला एका डाईंगमध्ये चिकटवलं. तिथं बनियनचं कापड रंगवतात आणि उरलेलं रंगीत पाणी टाक्यांत घेऊन साफ करतात. मी त्या टाक्यांवर. तिथला सुपरवायझर मला 'वडक्कन' म्हणायचा, म्हणजे उत्तरेकडचा. सह्याद्रीतला माणूस उत्तरेकडचा कधी झाला, मला माहीत नाही. जेवायला बसलो की बाकीचे ताटं उचलून पलीकडं सरकायचे. पाण्याच्या माठाला मी हात लावला की सुपरवायझर बघायचा. त्याला माझी विहीर ठाऊक नव्हती, तरी मला वाटायचं ह्याला कुणीतरी सांगितलंय. असं भ्यालेलं माणूस कुठंही गेलं तरी आपली वाडी बरोबर घेऊन जातं.

मग तिथं अक्का आल्या. मालकानं त्यांना कोपऱ्यातली एक शेड वापरायला दिली होती. उजेडानं पाणी साफ करायचं काम. माझ्या नशिबानं, किंवा कुणालाच ते काम नको होतं म्हणून, मदतीला मला दिलं.

ते काम असं. डाईंगचं लालभडक पाणी एका टाकीत घ्यायचं. त्यात बारीक पांढरी पावडर टाकायची, तिला अक्का कॅटलिस्ट म्हणतात. टाकीत काचेच्या नळ्यांत जांभळ्या उजेडाचे दिवे. पावडरवर उजेड पडला की ती जागी होते आणि पाण्यातल्या रंगाचे, औषधांचे तुकडे पाडते, तुकड्यांचे आणखी तुकडे. दिवा बंद केला की पावडरही थांबते. ती स्वतः झिजत नाही, दुसऱ्यांकडून काम करून घेते. मी म्हटलं, म्हणजे मुकादम. अक्का हसल्या आणि त्यांनी मुकादम शब्द वहीत लिहून घेतला.

पहिल्यांदा पावडर टाकायचं काम आलं तेव्हा अक्का कॉलेजात होत्या. पिशवी, वजन, सगळं त्यांनी समजावून दिलं होतं. पाणी पांढरं होईल, हेही त्या बोलल्या असतील, पण मला त्यांचं अर्धं हिंदी तेव्हा कळत नसे. मी पिशवी रिकामी केली, ढवळायचा पंखा चालू केला आणि टाकीत डोकावलो.

दुधासारखं पांढरं पसरत होतं.

मला शेड दिसेनाशी झाली. वाटलं, पिशवी चुकली. वाटलं, आता सुपरवायझर येणार, माणसं गोळा होणार, आणि पुन्हा कुठल्यातरी ट्रकवर चढायचं. मोठ्या टाक्यांसाठी तिथं तुरटीची पोती असतात. मी पळत गेलो, घमेलंभर तुरटी आणली, टाकीत ओतली आणि पंखा बंद केला. तासाभरात सगळं पांढरं तळाशी बसलं. वर नितळ लाल पाणी. मी दिवे लावले आणि काही झालंच नाही असा उभा राहिलो.

तुम्ही म्हणाल, ज्याची आई तुरटीच्या पाण्यानं मरता मरता वाचली, त्यानं असं करावं? हेच मी स्वतःला लई दिवस विचारलं. पाणी नितळ दिसलं की माणसं सोडून देतात, हे मी तुमच्याकडूनच शिकलो होतो. मला सुटायचं होतं, बास.

दोन दिवस दिवे जळले आणि पाणी होतं तेवढंच लाल राहिलं, कारण पावडर तुरटीबरोबर तळाच्या गाळात अडकली होती. तिसऱ्या दिवशी मालक पाहुण्यांना घेऊन बघायला येणार होते. अक्कांनी तळाला काठी घातली, गाळ वर आला. त्यांनी तो बोटांत चोळला आणि विचारलं, "किसने डाला?" सुपरवायझर दारातच होता. तो म्हणाला, वडक्कनला आजच हाकला, आणि माझी पिशवी आणायला माणूस पाठवला सुद्धा.

मी सगळं सांगितलं. मोडक्या हिंदीत, काठावरच्या बाटलीपासून आईच्या डोळ्यांपर्यंत. पाच मिनिटांत सांगून झालं. एवढंसंच होतं ते, आणि मी वर्षानुवर्षं उरावर घेऊन फिरत होतो. अक्कांनी काठी खाली ठेवली. मग सुपरवायझरला तमिळमध्ये दोन वाक्यं बोलल्या आणि माझी पिशवी परत खुंटीला लागली. काय बोलल्या ते पुढं भाषा आल्यावर कळलं. म्हणाल्या होत्या, मी ह्याला पाणी पांढरं होणार हे नीट सांगितलं नव्हतं, चूक माझी आहे, मालकांना मी सांगते. आणि पाहुण्यांसमोर लाल पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहून त्यांनी खरंच सांगितलं. तो पाहुणा काय बोलला ते लिहीत नाही. बाईमाणसाला असं बोलू नये.

माझ्यासाठी कुणी चूक अंगावर घेतल्याची ती आईनंतरची दुसरी वेळ.

मला शिक्षा झाली ती अशी. टाकी मीच घासली. मग सगळं पुन्हा मीच केलं, अक्का नुसत्या स्टुलावर बसून. एक तास दिवे चालू, एक तास बंद, पुन्हा चालू. दर अर्ध्या तासाला बाटलीभर पाणी काढायचं आणि रांगेत ठेवायचं. लाल, त्याहून फिकट, मग दिवे बंद असतानाच्या बाटल्या एकसारख्या गुलाबी, मग पुन्हा फिकट, शेवटची पाण्यासारखी. मला वाटलं झालं. अक्कांनी ती बाटली उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "दिखता नहीं मतलब गया, ऐसा नहीं. पहले नाप, फिर बोल." रंग गेला तरी रंगाचे तुकडे पाण्यात असू शकतात, ते मशीनवर तपासायचे असतात. मशीननं सांगितलं, थोडे आहेत. मग आम्ही आणखी दोन तास दिवे लावले.

त्या दिवशी मी मनात ठरवलं, थोडी पावडर वाडीला न्यायची. विहिरीत टाकायची आणि आरशानं ऊन आत पाडायचं. महिनाभर धीर गोळा करून अक्कांना विचारलं. त्यांनी विचारलं, विहीर किती खोल? मी म्हटलं, चाळीस-पंचेचाळीस फूट. त्या नाही म्हणाल्या. खाली अंधार, अंधारात ती पावडर म्हणजे नुसती माती. आणि प्यायच्या पाण्यात जे परत काढता येत नाही ते कधी टाकायचं नसतं. मला फार लागलं ते. मग त्यांनी विचारलं, बाटली पडून किती पावसाळे झाले? पाच. पाणी कुणी तपासलं? कुणीच नाही. त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मला वाडीचीच लाज वाटली. पाच वर्षं एक वाडी एका विहिरीला भिते, आणि बाटलीभर पाणी कुणी कुठं पाठवत नाही.

त्याच सुमारास आबांचा फोन आला की विहीर बुजवायचं ठरतंय. बोर मार्चला आटते, टँकरची वाट बघत बायका बसतात, पण विहीर बुजवणार. तात्यांचं म्हणणं, उघडी अवदसा कशाला पाहिजे. मी म्हटलं, आबा, मला पाणी पाठवा. त्यांनी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून पाठवलं, ते दहा दिवसांनी पोचलं. अक्कांनी ओतून दिलं. पारदर्शक बाटलीत वाटेतला उजेडच औषध मोडतो आणि आपण खूश होतो, म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः तपकिरी काचेच्या बाटल्या पाठवल्या. काठोकाठ भरायच्या, बर्फात ठेवायच्या, त्याच दिवशी रवाना करायच्या. बर्फाची अडचण आबांना नव्हती, धरणावरच्या मासेवाल्यांकडं असतोच. डिंभ्याची एसटी नेहमीसारखी त्या दिवशीही आली नाही, म्हणून मासळीच्या टेम्पोतून ते मंचरला गेले. कुरियरवाला खोक्याचा वास घेऊन म्हणाला, मासे चालत नाहीत. आबांनी झाकण उघडून दाखवलं. म्हणे तो बघतच राहिला, की एवढ्या लांब हा माणूस पाणी पाठवतोय.

रिपोर्ट आला. त्या औषधाचा अंश आढळला नाही. अक्का लगेच म्हणाल्या, नाचू नको. पाच वर्षांचं साचलेलं पाणी आहे, जंतू असणार. सगळं उपसा, टीसीएल म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाका, पुन्हा भरू द्या, पुन्हा तपासा. मी कागद आबांना पाठवला, त्यांनी चावडीवर वाचून घेतला. तात्या म्हणाले, "इष टाकनाऱ्यानंच कागद लिवलाय, मंग त्यात दुसरं काय यील?" आणि आई मागून बोलली, मी पिते पुन्हा.

हे ऐकलं आणि मी सुट्टी टाकली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तुम्ही सगळे होतात, तरी सांगतो. इंजिन आबांनी भाड्यानं आणलं. तीन दिवस मी उपसा केला, गाळ काढला, आणि ती बाटली सापडली. लेबल गेलेलं, टोपण नाही. ती मी काठावर ठेवली. मदतीला कुणी आलं नाही. तात्यांचा मुलगा मात्र रोज झाडाखाली बसून मोबाइलवर माझं शूटिंग करायचा. "ए बाटल्या, नीट वाक, थोबाड दिसंना," एवढं तो मला सहा वर्षांनी, वाडीनं पाडलेल्या नावानं बोलला. पाणी भरलं, टीसीएल टाकलं, पुन्हा बाटल्या गेल्या, पुन्हा कागद आला. सगळं स्वच्छ.

त्या सकाळी आईनं तांब्या भरला. मी तिच्या हातातून घेतला. "आई, या वेळी न्हाई," म्हटलं आणि एका दमात प्यायलो. मग काठावर बसून राहिलो.

खिशात दोन कागद होते, तरी मी घाबरलो होतो. तोंडात पाणी सुटलं की वाटायचं सुरू झालं. घाम आला की वाटायचं हेच ते. तुम्ही कुणी जवळ आला नाहीत, पण सगळ्यांना त्या दिवशी विहिरीवरूनच काम निघालं. एकानं तर त्याच बांधावरचं गवत तीनदा कापलं. दिवस कलल्यावर तात्या आले. त्यांनी मला तोंड वर करायला लावलं आणि डोळ्यांत बघितलं. जीपमध्ये आईचे डोळे त्यांनीही बघितले होते. एवढं त्यांच्या लक्षात होतं म्हणजे.

"सकाळी बघू," म्हणाले.

सकाळी मी जिवंत होतो. विहिरीवर गेलो तर तात्यांची बायको हंडा घेऊन माझ्या आधी हजर. मला बघून पदर पुढं ओढला, पाणी शेंदलं, हंडा डोक्यावर घेतला. जाताना, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आयला सांग तुज्या, दोर तोकडा पडतोय."

बास. सहा वर्षांचा निकाल तेवढाच. कुणी चुकलो म्हटलं नाही, कुणी राहा म्हटलं नाही. विहीर बुजवली नाही. आबांचे मासे पुन्हा जातात म्हणे, पण भाव पाडून. मी निघालो तेव्हा या वेळी एसटी आली आणि आई दारात आली. पाणी बघून पी, हे तिनं या वेळी सांगितलं नाही.

मला वाडीत घर आहे का, कुणी विचारलं तर मी थांबतो. कौलं आहेत, आई-आबा आहेत, पण माणसाला जिथं उगाच जाऊन बसता येतं ते घर, आणि तसं मला तुमच्यात अजून बसता येत नाही. विहिरीच्या काठावर मात्र बसता येतं. तेवढा तीन हात दगड माझा आहे, कागदासकट. बाटली मी इथं घेऊन आलो, तात्यांनी सांगितलं होतं ना घेऊन जा म्हणून. शेडमध्ये नमुन्यांच्या रांगेच्या टोकाला ती ठेवलीय. अक्कांनी तिच्यावर काही लिहिलं नाही.

अक्का, हे तुम्हाला वाचून दाखवेन तेव्हा तमिळमध्ये सांगेन. तुम्ही माझ्याकडून चहाचा पेला सुद्धा घेत नाही, म्हणून ही फेड मीच ठरवलीय. एक दिवस तुम्हाला डिंभ्याला नेईन. गाडी येणार नाही, मासळीच्या टेम्पोतून जाऊ. त्या काठावर तुम्हाला बसवीन, आधी मी पिईन, मग तुम्हाला तांब्या देईन. तुम्ही तो उजेडात धरून बघालच, बघा. आणि ते पाणी शेंदायला दोर मी धरणार नाही. तो किसनतात्यांना धरायला लावीन.